आठशे टक्क्यांवर आई

रुख्मिणीताई मेहऱ्यांनी संगणक सरळ दुकानातून तयार आणला असता, तर गल्लीतल्या कोणाचीच झोप उडाली नसती. पण त्यांनी तो घरी जुळवायचं ठरवलं. अमरावतीत अशी वेळ आली की माणसाच्या अंगात काय संचारतं ते सांगता येत नाही. ताईंच्या अंगात त्यांचं टेलिफोन एक्स्चेंज संचारलं.

नांदगाव खंडेश्वरला आणि पुढे अमरावतीत मिळून त्यांनी चौतीस वर्षं तारा जोडल्या होत्या. ट्रंक कॉल लागायला दोन-दोन तास लागत, तेव्हा कानाला यंत्र लावून बसलेल्या ताई अर्ध्या जिल्ह्याची लग्नं आणि मयती घरच्यांच्या आधी ऐकत. "तारेचं कोणतं टोक कुठं जाते, हे मले कोणी शिकवू नये," हे त्यांचं वाक्य गल्लीत पाठ होतं. निवृत्तीनंतर त्यांना फोटो सुधारायचा छंद लागला. मोबाइलवर काढलेल्या जास्वंदीचा रंग गडद कर, कोणाच्या नातवाच्या फोटोतून मागची गाय काढून टाक, असं चालायचं. पण मोबाइलच्या एवढ्याशा काचेवर एक काम होण्यासारखं नव्हतं, आणि त्याच कामासाठी हा संगणक होता.

ते काम म्हणजे आईचा फोटो.

ताई पाच वर्षांच्या असताना आई गेली. तिचा हा एकच फोटो होता. खुर्चीत बसलेली, नऊवारी नेसलेली, समोर टक लावून पाहणारी. ताईंना आई आठवत नव्हती. आई म्हटलं की हा फोटो आठवे, बस. आईकडून त्यांना दोनच गोष्टी मिळाल्या होत्या, तिचे टपोरे डोळे आणि डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागातला खसखशीएवढा तीळ. तो फोटोत होता, तसाच ताईंच्या डोळ्यात होता. लहानपणापासून येणारा जाणारा प्रत्येक पाहुणा एकदा भिंतीकडे, एकदा ताईंकडे बघून म्हणे, "बाप्पा, डोळे त आईचेच उचलले पोरीनं." सावत्र आईच्या हाताखाली वाढलेल्या मुलीला एवढी मिळकत पुष्कळ झाली.

आणि आता त्या फोटोला बुरशी लागली होती. खालच्या कोपऱ्यातून ती पांढरी निघाली, पदर खाल्ला, दंड खाल्ला, गेल्या पावसाळ्यात गालापर्यंत चढली. येत्या पावसाळ्यात ती डोळ्यांत शिरणार, हे स्पष्ट दिसत होतं. अक्षय तृतीयेला घरी पितरांची घागर पुजत, तेव्हा घागरीमागे आईचा फोटो ठेवत आणि अकोल्याहून थोरले भाऊ महादेवराव जेवायला येत. यंदाच्या घागरीमागे नितळ फोटो ठेवायचा, असा ताईंचा निश्चय होता. महिनाभर हातात होता.

पहिला सल्ला शेजारच्या शालिकराम काकांचा आला. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. साधं "चहा घेता का?" विचारलं तरी सगळ्या खांबांना ऐकू जावं अशा आवाजात उत्तर देत.

"ताई, अर्थिंग हाय काय तुमच्या घराले?"

"असंल ना."

"असंल म्हणून चालत नाही! अर्थिंग नाही त मशीन नाही. खड्डा करा अंगणात. कोळसा टाका, मीठ टाका, तांब्याची पट्टी सोडा."

मग खड्डा झाला. काका स्वतः उभे राहिले. तो दिवस नेमका शनिवार, आणि ऊन टळायची वाट कोण पाहणार म्हणून वेळ भर दुपारी बाराची. चैत्रात अमरावतीत त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. पण समोरच्या घरात माणिकबाई होत्या. त्या हार-गजऱ्यांचा धंदा करत आणि दिवसभर खिडकीशी फुलं ओवत बसत. त्यांना काय दिसलं? भर बाराला एक विधवा बाई कमरेएवढ्या खड्ड्यात मीठ ओततेय, वरून कोळसे टाकतेय, आणि काठावर शालिकराम काका दोन लिंबं घेऊन उभे आहेत. लिंबं सरबताची होती. पण लिंबाच्या अंगावर तसं लिहिलेलं नसतं.

संध्याकाळपर्यंत गल्लीला गुप्तधनाचा वास लागला. तिसऱ्या दिवशी नळजोडण्या तपासणारे एक साहेब आले आणि म्हणाले, बोअरची परवानगी दाखवा.

"बोअर नाही, संगणक आहे," ताई म्हणाल्या.

साहेबांनी खड्ड्यात वाकून पाहिलं. "कुठं?"

"घरात. हा त्याचा खड्डा."

साहेबांनी बराच वेळ पेन हवेत धरलं. शेवटी त्यांनी 'खड्डा, संगणकाचा' असं लिहून ताईंची सही घेतली आणि जाताना दोनदा मागे वळून पाहिलं.

सुटे भाग अकोल्याहून, विपुल नावाच्या दुकानदाराकडून आले. त्याच्याकडे स्वस्त मिळतं, असा महादेवरावांचा निरोप होता. संगणकाच्या डब्याला एका बाजूने काच होती आणि आत लाल दिवे. "हाच स्वस्त हाय काकू, पोट्टे गेम खेळाले नेतात," विपुल म्हणाला होता. काकांनी बजावलं, "सिंथेटिक साडी नेसून हात लावू नका. अंगातली वीज उतरली की मदरबोर्ड मेला समजा. दर स्क्रूले लोखंडाले हात लावत जा." म्हणून ताई जुनं सुती लुगडं नेसल्या, अनवाणी झाल्या, डावा हात खिडकीच्या गजाला धरला आणि उजवा हात काळ्या डब्यात घातला. बारीक पिना नजरेला दिसेनात, तेव्हा डोळे मिटून बोटांनी चाचपू लागल्या. एक्स्चेंजमध्ये वीज गेली की त्या असंच करत. समोरच्या खिडकीत माणिकबाईंच्या हातातली सुई थांबली. त्या दिवशी गल्लीतल्या चार देव्हाऱ्यांत कापूर जास्त जळाला.

जुळवणी झाली. बटण दाबलं. पंखे फिरले, लाल दिवे लागले, आतून घुमल्यासारखा आवाज आला. पडदा मात्र काळा. दोन दिवस ताई त्या काळ्या काचेसमोर बसल्या. काचेत लाल उजेडातला त्यांचाच चेहरा दिसे आणि तो त्यांना आवडेना. शेवटी मान खाली घालून विपुलला फोन केला.

"काकू, प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ हाय काय?"

"आहे."

"मंग तो आंधळा हाय. आतमधी सगळं करते, पण चित्र दाखवत नाही. त्याले वेगळं कार्ड लागते."

"तू मले आंधळा देला?"

"तुमीच म्हणल्या ना, त्यातल्या त्यात स्वस्त दे!"

ताई एसटीने अकोल्याला निघाल्या. प्रोसेसर पोळीच्या डब्यात, कापसात ठेवलेला. मूर्तिजापूरला शेजारच्या बाईने विचारलं, डब्यात काय. ताई चौतीस वर्षं लोकांचं बोलणं ऐकून गप्प राहिलेल्या, खोटं बोलायची सवय नव्हती. "आंधळा आहे एक. बदलून आणते," म्हणाल्या. बाई पुढच्या सीटवर जाऊन बसली.

बदललेल्या प्रोसेसरने चित्र दाखवलं, तर पडद्याच्या मध्यावर एक काळा ठिपका. पुसला, जाईना. पडदा बनवणाऱ्या कंपनीचा नंबर पाठीमागे होता. तिथला माणूस फार गोड बोलला.

"मॅडम, एकच पिक्सेल मेला आहे. नियमाप्रमाणे पाच मेल्यावर बदलून मिळतो."

"मग चार मरायची वाट पाहू?"

"हो मॅडम. मेले की कळवा."

ताईंनी फोन ठेवला. आपल्या वयाच्या बाईशी कोणी इतक्या प्रेमाने असलं बोलतं, याची त्यांना गंमत वाटली आणि जरा थंडीही वाजली.

असा एकेक आठवडा जात अक्षय तृतीया दहा दिवसांवर आली. ताईंनी फ्रेम उघडून आईला बाहेर काढलं, झेरॉक्सच्या दुकानातून मोठ्यात मोठं स्कॅन करून आणलं, आणि एका दुपारी फाइल उघडली. साठ वर्षं वीतभर असलेली आई एकदम पडदाभर झाली. ताई खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या. मोठं माणूस आल्यावर उठायचं असतं.

मग काम सुरू झालं. हे काम ज्यांनी केलेलं नाही त्यांना सांगायला हवं की त्यात बुरशी पुसायची नसते. चेहऱ्यावर चांगली राहिलेली जागा शोधायची, तिथली कातडी उचलायची आणि खाल्लेल्या जागी लावायची. ताई आईच्या उजव्या गालावरून तीळतीळ घेऊन डाव्या गालाला लावत होत्या. बाहेर ऊन रणरणत होतं, कूलर घरघरत होता, आणि आई न हलता पाहत होती. अधूनमधून ताई म्हणत, "झालंच, थोडं राहिलं." कोणाला म्हणत, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यात संगणकाने नवं सुरू केलं. दुपारची वीज जाई. परत आली की तो आपला आपणच चालू होई, आणि पडद्यावर आई येऊन बसे. ताईंनीच तिचं चित्र पडद्यावर कायम लावून ठेवलं होतं. एकदा ताई बँकेत गेल्या असताना वीज आली. पाण्याची मोटर बंद करायला माणिकबाई किल्ली घेऊन आत आल्या. घरात चिटपाखरू नाही, डबा लाल पेटलेला, आणि समोर ती. ताई परतल्या तेव्हा पडद्याला मोगऱ्याचा हार होता, पुढे उदबत्ती होती आणि माणिकबाई दारात, चपला हातात घेऊन उभ्या होत्या.

"ताई, तुमची आई मले पाहून राहिली होती."

"अवो, फोटो आहे तो."

"फोटो मले बी समजतो. हारच ओवते मी जनमभर. फोटोतली माणसं कशी पाहतात ते मले माहीत हाय. हे तसं नाही." मग आवाज खाली करून, "हे जित्या माणसाचं पाहणं हाय वं."

विपुल फोनवर हसला. वीज आली की आपोआप चालू होण्याची ती एक सेटिंग होती. ताईंनी ती बंद केली. माणिकबाईंचं वाक्य बंद करण्याची सेटिंग काही मिळाली नाही.

अक्षय तृतीयेला चार दिवस राहिले होते. गाल झाला होता, चार फिकट डाग सोडता दंडही झाला होता. आता डोळ्याच्या कडेला पोचलेली बुरशी उरली होती. तिथे चूक होऊन चालणार नव्हतं, म्हणून ताई चित्र मोठं करत गेल्या. दोनशे टक्के. चारशे. आठशे. आता सगळ्या पडद्यावर आईचा एक डावा डोळा तेवढा उरला, बशीएवढा.

ताईंना आधी दिसला तो उजेड. आईच्या नाकावर, खुर्चीच्या हातावर उजेड डावीकडून पडला होता. बुबुळातली उजेडाची टिकली मात्र उजवीकडे होती. ताई छंदापायी असल्या गोष्टी शिकल्या होत्या. खिडकी एका बाजूला आणि टिकली दुसऱ्या बाजूला असत नाही. मग दिसला कुंचल्याचा केस, रंगात चिकटून राहिलेला, थोडा वाकडा. मग पांढऱ्या रंगाखाली एक बारीक काळी ओळ दिसली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, झालरीसारखी.

ती मिटलेल्या पापणीची ओळ होती.

ताईंनी घाईने चित्र सरकवलं. डोळ्यापासून पळायला म्हणून त्या खाली दंडावर आल्या. तिथे ते चार फिकट डाग होते. बुरशीच समजून त्या ते उद्या पुसणार होत्या. आठशे टक्क्यांवर त्या डागांना नखं होती. खुर्चीमागून कोणीतरी आईला धरलं होतं.

दुपारचे तीन वाजले होते. त्यांनी अकोल्याला फोन लावला. महादेवराव पंचाहत्तरीला टेकलेले, ऐकायला कमी, त्यामुळे बोलायला जास्त.

"दादा, आईचा फोटो कधी काढला होता?"

"काहून? काय झालं?"

"सांग ना. कधी काढला?"

"गेली त्या दिवशी," महादेवराव म्हणाले. "जितेपणी कोण फोटो काढे वं आपल्यात? मोर्णेकाठचा मळा, वांग्या-भेंड्यावाले लोक आपण. बाबानं फोटोवाल्याले टांग्यात घालून आणलं. खुर्चीवर बसवलं तिले. काकीनं मांगून धरलं."

"आणि डोळे?"

"मिटले होते ना. बाबा म्हणे, मिटल्या डोळ्याचा फोटो भिंतीले कसा लावू? तो फोटोवाला म्हणे, रंगवून देतो, पण नमुन्याले घरातलं माणूस पायजे. मंग मी तुले सायकलवर नेलं त्याच्या दुकानात. तू लय पापण्या हलवे. बत्तासा देला तवा टक लावून बसली."

ताईंच्या हातात फोन होता आणि समोर बशीएवढा डोळा. त्या डोळ्यात तीळ होता. फोटोवाला कामाला प्रामाणिक होता. नमुन्यात जे होतं ते त्याने सगळं उतरवलं होतं.

"म्हणजे मी आईचे डोळे नाही घेतले," ताई म्हणाल्या.

"तिनं तुहे घेतले."

"मग तिचे कसे होते, दादा? तू पंधराचा होता. तुले त आठवत असंल."

मग महादेवराव, ज्यांचा आवाज कधी कोणी खाली आलेला ऐकला नव्हता, ते हळू बोलले. "साठ वर्सं झाले वं रुख्मा. मी बी तोच फोटो पाहत आलो. आता मले बी तुहेच आठवतात."

ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. साठ वर्षं परीक्षेला जाताना, लग्नाच्या मंडपात चढताना, नवऱ्याला पोचवून आल्यावर, त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या होत्या आणि आई आपल्याकडे बघतेय असं त्यांना वाटलं होतं. बघत होती ती एक पाच वर्षांची पोर, बत्ताशाच्या आशेने. आणि आईला साठ वर्षं कोणी डोळे मिटू दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काय करायचं ते ठरवलं. कपाळावरची चांगली कातडी उचलली आणि बुबुळावर ठेवली. शालिकराम काका कूलरला पाणी आहे का बघायला आले, तर पडद्यावरच्या बाईला एकच डोळा होता. काका उलट्या पावली गेले. वीज मंडळाच्या माणसाने तारांवर पुष्कळ काही पाहिलेलं असतं, पण हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

तीन दिवस ताई रंग काढत होत्या. खालची ती काळी ओळ त्यांनी जपली, केसाकेसाने मोकळी केली. तीळ सगळ्यांत शेवटी काढला. त्यावर बोट ठेवून बराच वेळ बसल्या, मग दाबलं. आणि चित्र लहान करत सगळी आई पडद्यावर आणली.

खुर्चीत एक दमलेली बाई झोपली होती.

ताई तिला ओळखत होत्या. त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. मळ्यातली खोपी, दुपार, खाली गोणपाट, वांग्याच्या पाट्या, आणि शेजारी आडवी झालेली ही. पाच वर्षांची रुख्मा तिची पापणी बोटाने उचलायला बघतेय, "ऊठ ना वं आई," आणि ती डोळे न उघडता हसते आणि बोट बाजूला करते. "निज ना वं थोडी. मले निजू दे." आवाज घोगरा होता, थोडा सर्दीचा. हा आवाज ताईंनी साठ वर्षांत एकदाही ऐकला नव्हता, आणि चौतीस वर्षं आवाज ओळखण्यात घालवलेल्या बाईची त्यात चूक होणं शक्य नव्हतं.

अक्षय तृतीयेला घागर मांडली, तिच्यामागे नवा फोटो ठेवला. माणिकबाई हार घेऊन आल्या, पाहिल्याबरोबर "अगं बाई, मेलेल्या माणसाचा असा फोटो कोणी..." इथपर्यंत मोठ्याने बोलल्या आणि उरलेलं वाक्य त्यांनी कुजबुजून संपवलं. हार फ्रेमला असा घातला की फूल वाजू नये. शालिकराम काका दारातून ओरडतच आले आणि आत आल्यावर त्यांचा आवाज कोणीतरी बटण फिरवल्यासारखा उतरला. महादेवराव फोटोसमोर काठी टेकून उभे राहिले. काठी त्यांनी उचलून हळूच भिंतीला लावली.

"हीच," ते म्हणाले. एवढंच, आणि तेही ओठांनी.

पानं वाढली. रस, पुरणपोळी, वडे, तळलेल्या कुरडया. पाच माणसांचं बोलणं एकट्याने बोलणाऱ्या माणिकबाई खुणेने तूप मागत होत्या. शालिकराम काका रसाची वाटीसुद्धा आवाज न करता ठेवत होते. का, ते कोणी विचारलं नाही. मग महादेवरावांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे असेल, त्यांनी कुरडई घेतली आणि मोडली.

कुर्रर्र झालं. चौघांचेही घास तोंडाशी थांबले आणि चौघांनी एकदम फोटोकडे पाहिलं.

पापण्या मिटलेल्याच होत्या. महादेवरावांनी कुरडईचा दुसरा तुकडा रसात बुडवला आणि तो मऊ होईपर्यंत वाट पाहत बसले.